न बोललेली भाकणूक

जत्रा संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी सटवामामा गावात हिंडायचा आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारायचा, "काल म्या काय बोललो?"

मला त्याने हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी गावात अगदी नवा होतो. पोलीस अॅक्शन होऊन फार दिवस झाले नव्हते. सोनपेठकडच्या त्या गोदाकाठच्या गावात ढोरांच्या दवाखान्याचा कंपाउंडर म्हणून माझी नेमणूक झाली होती. खरा डॉक्टर तालुक्याला बसायचा, त्यामुळे गावाच्या लेखी मीच डाक्टरसाब. सकाळी ओट्यावर दात घासत उभा होतो, तर खांद्यावर घोंगडी आणि कपाळावर आदल्या दिवसाचा भंडारा तसाच, असा एक उंच म्हातारा समोर येऊन उभा राहिला. "डाक्टरसाब, तुमी काल देवापाशी हुता. म्या काय बोललो?" मला वाटलं, याची अजून उतरलेली दिसत नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काय बोललात ते तुम्हालाच ठाऊक." त्याने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "मला ठाऊक असतं तर इचारलं असतं व्हय?" म्हणाला आणि पुढच्या घरी गेला.

नंतर कळलं की म्हातारा दारूला शिवतसुद्धा नाही. गावाबाहेरच्या धनगरवाड्यात त्याचं घर, आणि बिरोबाची भाकणूक सांगण्याचा मान त्याच्या घराण्याकडे. दसऱ्यानंतरच्या जत्रेत, उन्हं कलली की ढोल वाजायला लागत. सटवामामा घोंगडीवर उभा राही, त्याचं अंग कापू लागे, मग एकदम ढोल थांबत आणि त्याच्या तोंडून देव बोले. पाऊस, पीक, रोगराई, बाजारभाव आणि राजा, एवढ्या पाच गोष्टींचं देव बोलायचा आणि पाचही एकाच पंगतीला बसवायचा. "काळी हसंल, पांढरी रडंल" असं काहीतरी बोलून सटवामामा घोंगडीवर कोसळे. म्हणजे काळ्या रानात पीक येईल आणि पांढरीत, वस्तीत, रडारड होईल. शुद्धीवर आला की त्याला यातलं अक्षर आठवत नसे, आणि म्हणून ती सकाळची फेरी.

तो आवाज मी ऐकला आहे. मोठा नसायचा, ओरडणं तर नाहीच. पण जत्रेच्या पार टोकाला, बांगड्यांच्या पालापाशी उभ्या असलेल्या बाईलासुद्धा तो कानाशी बोलल्यासारखा ऐकू यायचा. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. पण त्या वेळी माझ्या हातावर काटा यायचा, आणि काट्याला विश्वास विचारता येत नाही.

गंमत अशी की दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण वेगळंच सांगायचा. कापूस लावलेला म्हणे, देव कापसाचं बोलला. ज्याची पोरगी तापाने पडलेली, त्याने रोगराईचं ऐकलेलं. पाटलाला सरकारचं काहीतरी ऐकू आलेलं. सटवामामा सगळ्यांचं निमूट ऐकून घ्यायचा. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "मामा, इतक्या तऱ्हा? तुमचा देव एका वेळी किती तोंडांनी बोलतो?" तर म्हणाला, "समद्यांचं थोडं थोडं मिळिवलं की देव काय बोलला ते कळतंय. एकट्याचं ऐकलं तर निस्तं त्याचंच पोट बोलतंय."

एरवी हा माणूस मेंढरांत रमणारा. लस टोचायला मी त्याच्या वाड्यावर जायचो, तेव्हा तो एकेक मेंढी गुडघ्यात धरायचा आणि सुई टोचायच्या आधी तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. मी विचारलं, काय सांगता? "आगाऊ खबर देतो. जनावराला फसवू न्हाई," म्हणाला. कळपाबद्दल त्याचं एक बोलणं मला फार आवडायचं. "कळप डोळ्यानं चालत न्हाई, डाक्टरसाब. म्होरचीचा वास धरून चालतंय. म्होरची हिरीत पडली तर मागची इचारत बसत न्हाई, हीर केवढी खोल हाय म्हून." हे तो हसत सांगायचा. पुढे एका वर्षी त्याचं हसणं बंद झालं.

ते वर्ष समजायचं तर दाजीसाहेब सांगायला हवेत. दाजीसाहेब याच गावचे, शिकलेले. रझाकारांच्या काळात ते लढ्यात होते आणि त्यांच्या नावाचं वॉरंट होतं. त्या दिवसांत सटवामामाने त्यांना आपल्या मेंढवाड्यात, मेंढरांच्या मधोमध घोंगडीखाली निजवून ठेवलं होतं. शोधायला आलेली माणसं मेंढरं तुडवत हिंडून परत गेली. तेव्हापासून दाजीसाहेब त्याला मामा म्हणत आणि मामा त्यांना लेकरू समजे. निजामाचं राज्य गेलं, तेव्हा गावाने दाजीसाहेबांना खांद्यावर घेऊन नाचवलं. पुढे ते निवडून आले, हैदराबादला विधानसभेत बसू लागले. गावच्या बाया दृष्ट काढायच्या त्यांची. मीही पाहिलं आहे.

आणि मग घासलेट मिळेना. आज दिव्याचं बटण दाबणाऱ्याला याचा अर्थ कळायचा नाही. घरोघरी चिमणी नाहीतर कंदील, आणि दोन्हीच्या पोटात घासलेट. भाव दुपटीला गेला, आणि दुप्पट देऊनही बाटली भरून येईना. लोक करडीच्या तेलाच्या पणत्या लावू लागले. तेलही महाग, म्हणून दिवेलागणीच्या आधीच जेवून घेऊ लागले. गावाचा एक आवाज असतो संध्याकाळचा. तो हळूहळू नाहीसा झाला. दिवस मावळला की दारं लागत, आणि त्या बंद दारांमागच्या अंधारात लोक बोलत बसत. काय बोलत ते सकाळी कानावर येई.

आधी कानावर आलं, "निजामाच्या राज्यात घासलेट तरी मिळत हुतं." ज्यांची घरं रझाकारांनी जाळली होती, त्यांच्याच तोंडून हे ऐकून मी सर्द झालो. मग आलं, "डेपो कुणाचा? दाजीसाहेबाच्या मेव्हण्याचा." ते खरंच होतं. मग आलं की घासलेटची पिंपं डेपोत येतातच कुठे, ती परस्पर दाजीसाहेबांच्या शेतातल्या कोठ्यात जातात. कुणी पाहिलं? कुणीच नाही. पण दर आठवड्याला त्या कोठ्यातली पिंपं वाढत गेली. सोनपेठच्या बाजारात मला एका अनोळखी माणसाने त्या कोठ्याच्या दाराला कोणतं कुलूप आहे तेही सांगितलं. मेव्हण्याने काळाबाजार केला असेल. मला वाटतं केलाच असावा. दाजीसाहेबांनी केला का? मला माहीत नाही. हे मी तेव्हाही सांगू शकलो नाही आणि आजही सांगू शकत नाही.

हैदराबाद राज्य मोडून आपण मुंबईला जोडले जाणार, असं चाललं होतं. निवडणूकही जवळ येत होती. जत्रेच्या आदल्या आठवड्यात मी मेंढवाड्यावर एका लंगड्या मेंढीचा खूर साफ करत होतो, तेव्हा दाजीसाहेब आले. मोटार नाही, माणसं नाहीत, एकटे चालत. माणूस पार वाळला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण माझी अडचण वाटण्याच्या पलीकडे गेले होते ते. मेंढरांत खाली बसले आणि म्हणाले, "मामा, मी एक थेंब घेतला नाही. लोक माझ्या दारावरून जाताना थुंकतात. देव माझ्या बाजूनं एक शब्द बोलला, तर..."

"देव काय माझ्या कळपातलं मेंढरू हाय व्हय, वढलं की इकडं यील?" सटवामामा म्हणाला. दाजीसाहेब उठून गेले तरी तो त्या वाटेकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "डाक्टरसाब, ह्यानं घेतलं न्हाई. मला कळतंय. घोंगडीखाली धा दिस निजलेला माणूस हाय तो, त्याचा वास मला ठाऊक हाय."

"मग तसं सांगा लोकांना."

"म्या सांगून कोन ऐकंल? ऐकत्यात ते देवाचं. आन देवाच्या तोंडात म्या माझी जबान घालनार न्हाई. ते पाप हाय." बराच वेळ तो मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "पर यंदा ह्या मानसाचं वाईट माझ्या तोंडातनं निगू देनार न्हाई. देव आला तर येऊ दे. म्या तोंडच उगडनार न्हाई. तुमी माझ्या म्होरं बसा. म्या बोललो का न्हाई, तेवढं डोळ्यानं बघा."

जत्रेच्या दिवशी मी त्याच्या समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ बसलो. घोंगडीवर चढण्याआधी त्याने कमरेच्या पिशवीतून कातरलेल्या लोकरीचा बोळा काढला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो दातांत घट्ट धरला. मिशांखाली ओठ मिटले. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळायची सोय नव्हती. ढोल सुरू झाले, भंडारा उधळला गेला. त्या पिवळ्या धुळीत उन्हं अशी काही दिसत होती की सगळ्यांचे चेहरे आजाऱ्यासारखे वाटत होते. सटवामामाचं अंग कापू लागलं. डोळे वर गेले. ढोल थांबले.

आणि काहीच झालं नाही. मी त्याच्या तोंडावरून नजर हलवली नाही. ओठ मिटलेले होते, गळ्याची घाटी हलली नव्हती, श्वास नाकाने चालला होता. सबंध जत्रा उभी होती आणि पाळण्याचं लाकूडसुद्धा करकरत नव्हतं. मेंढरं गप्प, कुत्री गप्प. मी हळूच मागे वळून पाहिलं. ती सगळी माणसं माना किंचित कलती करून ऐकत होती. अगदी मन लावून, कानाशी कुणी बोलत असल्यासारखी. मग एक मोठा उसासा लोकांतून गेला. बायांनी तोंडाला पदर लावले. एक म्हातारा "अरारारा" म्हणत खाली बसला. सटवामामा घोंगडीवर कोसळला. मी त्याच्या दातांतून बोळा काढला, तो लाळेने भिजून घट्ट झालेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्याच्याबरोबर फेरीला निघालो. आज तो खुशीत होता. शुद्धीवर आल्या आल्या मी त्याला सांगितलं होतं की तुम्ही अक्षर बोलला नाहीत. पहिल्या दारात त्याने सवयीने विचारलं, "काल म्या काय बोललो?" घरचा माणूस नजर चुकवत म्हणाला, "अंधार इकनाऱ्याच्या दारात दिवा लागायचा न्हाई." दुसऱ्या दारात, "अंधार इकनाऱ्याच्या दारात दिवा लागायचा न्हाई." सुताराकडे तेच, पाटलाकडे तेच. इतक्या वर्षांत ज्या गावाने दोन दारांत एक भाकणूक सांगितली नव्हती, ते गाव शब्दाला शब्द लावून एकच वाक्य सांगत होतं. कुंभाराची आई ठार बहिरी. तिला आम्ही विचारलंच नव्हतं; तिने आपणहून हाताने दिवा विझवल्याची खूण केली आणि दाजीसाहेबांच्या घराकडे बोट दाखवलं. सटवामामाने माझा दंड धरला.

"न्हाई रे," तो पारावर उभा राहून ओरडू लागला, "म्या बोललो न्हाई! तोंडात लोकर धरली हुती म्या!"

लोक मायेने हसले. "मामा, तुमाला कवा आठवलंय? दर सालाला आमीच तर सांगताव तुमाला." आयुष्यभर ज्याने आपलं बोलणं दुसऱ्यांना विचारलं, त्याने आता नाही म्हणून कोण मानणार? मी पुढे होऊन म्हटलं की मी समोर बसलो होतो, हे बोलले नाहीत. तर एक जण म्हणाला, "डाक्टरसाब, तुमी सुईवाले. तुमाला देवाचं कसं ऐकू यील?" आणि मागून कुणीतरी विचारलं, "दाजीसाहेबाकडनं किती बाटल्या भेटल्या?" मग मी मामाला हाताला धरून पारावरून उतरवलं.

ते वाक्य बाजारातून सोनपेठला गेलं, तिथून एस. टी.त बसून परभणीला पोचलं. दाजीसाहेब निवडणुकीत आपटले, त्यांच्या स्वतःच्या गावातही आपटले. त्यानंतर एका दुपारी ते मेंढवाड्यावर आले. मी तिथेच होतो. सटवामामा धावत पुढे गेला, त्यांचे दोन्ही हात धरले. "लेकरा, म्या बोललो न्हाई. बिरोबाची आन."

दाजीसाहेब शांतपणे म्हणाले, "मामा, मी जत्रेत होतो. मी स्वतः ऐकलं." आणि थोड्या वेळाने, "देव खोटं कसं बोलेल? घेतलं असेल मी. कधीतरी, कुठंतरी सही केली असेल. एवढे लोक म्हणतात." ते रडत नव्हते. नवीनच माहिती मिळाल्यासारखं बोलत होते, आणि तेच भयंकर होतं. त्यानंतर ते अधूनमधून यायचे, मेंढरांत बसायचे आणि त्या कोठ्यात किती पिंपं असतील याचा अंदाज बांधायचे. सटवामामा दर वेळी शपथ घ्यायचा आणि दर वेळी ते त्याचीच समजूत घालायचे. दुसरा पावसाळा त्यांनी पाहिला नाही.

सटवामामाने भाकणूक सोडली. जत्रेला तो कळप घेऊन रानात निघून जायचा. काही दिवसांनी घासलेट पुन्हा मिळू लागलं. भाव उतरला, गावात कंदील लागले, संध्याकाळचा आवाज परत आला. नव्या राज्याचं नव्यानं कौतुक झालं. आणि लोक म्हणू लागले, "दाजीसाहेब मानूस देवावानी हुता." एकदा पारावर विषय निघाला. तोच सुतार, तोच पाटील. सुतार मला म्हणाला, "त्या साली मामा काईच बोलला नव्हता की. तोंडात लोकर हुती त्याच्या. मला सोच्छ आठवतंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच आठवत होतं, बोळ्याचा रंगसुद्धा आठवत होता. कुणाच्याही चेहऱ्यावर लबाडी नव्हती.

मी हे मामाला सांगितलं. वाटलं, म्हातारा सुटेल. तो म्हणाला, "त्या दिशी खोटं बोलत हुते तवा येवढं भ्या वाटलं नव्हतं. आज खरं बोलायलेत तर लय भ्या वाटायलंय." मग घोंगडी खांद्यावर टाकली. "चला. सूनबाईला तरी सांगू. समदं गाव म्हनतंय म्हनलं तर ती ऐकंल."

दाजीसाहेबांची बायको माजघरात गहू निवडत होती. आम्हाला पाहून तिने पदर सारखा केला. सटवामामा उंबऱ्याबाहेरच बसला आणि एका दमात बोलला, "सूनबाई, म्या त्याच्याबद्दल काय बी बोललो नव्हतो. आता गाव बी कबूल करतंय."

तिने सुपातले हात थांबवले. "मला ठाऊक हाय, मामा," ती म्हणाली. "मला त्या दिशी काईच ऐकू आलं नव्हतं."

सटवामामा उंबऱ्याकडे सरकला. "मंग त्याला का न्हाई सांगितलंस, बाई?"

"त्यांनी इचारलं हुतं. जत्रंतून येताना वाटंतच. म्हनले, लोक कशाला हळहळायलेत? मला तर काई ऐकू आलं न्हाई, तू ऐकलंस का? भवतालच्या समद्या बायांनी तोंडाला पदर लावले हुते, मामा. त्या म्हनायल्या, देव असं असं बोलला. मला वाटलं, म्या एकलीच कशी बहिरी? लाज वाटली. म्या व्हय म्हनले. ऐकलं म्हनले." ती सुपाकडे बघत होती. "म्या व्हय म्हनल्यावर मंग त्यास्नी बी ऐकू आलं."

माझ्याने तिथे उभं राहवेना. सटवामामा मात्र आत गेला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो हात तसाच राहू दिला.

"हे कुनाला सांगू नगंस, बाई," तो म्हणाला. "सांगितलंस तर उद्या समदं गाव म्हनंल, आमचं बी असंच झालं हुतं. आन ते बी त्यास्नी खरंच वाटंल."

त्याच महिन्यात तो कळप घेऊन गोदेपलीकडे गेला, आणि पलीकडेच वारला. तिने कुणाला सांगितलं नाही. मीही आज पहिल्यांदा सांगतो आहे, कारण आता त्या गावात ते ऐकून 'आमचं बी असंच झालं' म्हणणारं कुणी उरलेलं नाही.